बॉयलर थंड आहे तोवर

मे महिन्याच्या शेवटी चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी अशा कुठल्याही तालुक्यातल्या साखर कारखान्यात गेलात तर चीफ इंजिनिअरच्या टेबलावर एक जाड यादी असते, ऑफ सीझनच्या, म्हणजे गाळप बंद असतानाच्या कामांची. मिलचे रोलर काढून ग्रूव्हिंगला पाठवणे, केन कॅरिअरची (ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्याची) चेन, बॉयलरच्या ट्यूबा, ज्यूस हीटर साफ करणे, पंपांची बेअरिंग, सेंट्रिफ्यूगलच्या जाळ्या, सगळं त्यात असतं आणि शेवटच्या पानावर कुठेतरी 'इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेशन' एवढं लिहिलेलं असतं. मी गेली काही वर्षं त्या यादीत अजून एक ओळ घाला म्हणून मागे लागलेय. कंट्रोल सिस्टिमचं सॉफ्टवेअर. कुठली व्हर्जन चाललीय, बॅकअप कधीचा आहे, कुठला अपडेट बाकी आहे, तो यंदा घ्यायचा का नाही, आणि घ्यायचा तर बॉयलर पेटवायच्या किती आधी. काही ठिकाणी ही ओळ आता येते, बऱ्याच ठिकाणी अजून येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहायला बसले.

माझं काम ऑटोमेशनचं. घर बेळगावात, काम सगळं निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या पट्ट्यात, साखर कारखाने जास्त आणि मधल्या वेळात उद्यमबाग-मच्छेकडच्या फाउंड्र्या अन् मशीन शॉप. ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कारखान्यातले पंप, व्हॉल्व्ह, मोटरी, कन्व्हेअर चालवायला पॅनलमध्ये पीएलसी नावाचा छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो, मोठ्या बॉयलर-टरबाइनला डीसीएस, म्हणजे तशीच पण मोठी कंट्रोल सिस्टिम असते, आणि ऑपरेटर ज्या स्क्रीनकडे बघत आठ तास बसतो ती स्क्रीन बहुतेक वेळा साध्या विंडोजवर चालते. म्हणजे अपडेट म्हटलं की ती एक गोष्ट नसते, विंडोजचा पॅच वेगळा, स्क्रीनच्या सॉफ्टवेअरची व्हर्जन वेगळी, पीएलसीचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, वेगळं, मोटरच्या ड्राइव्हचं वेगळं, मधल्या नेटवर्क स्विचचं अजून वेगळं. घरी मोबाईल रात्री चार्जिंगला लावला की सकाळपर्यंत अपडेट होऊन बसलेला असतो, ती सवय इथे आणायची नाही एवढं पहिलं डोक्यात ठेवायचं.

"मॅडम, चालतंय ते चालू दे की." हे मी मराठीतून ऐकलंय, कन्नडमधून ऐकलंय, फिटरकडून ऐकलंय आणि जनरल मॅनेजरकडूनही ऐकलंय. मला त्याचा राग येत नाही. जो हे म्हणतो त्याने बहुतेक वेळा बॉयलरपाशी अर्धं आयुष्य काढलेलं असतं.

बॉयलरच्या वरच्या ड्रममध्ये पाण्याची पातळी ठरावीक पट्ट्यातच राहावी लागते. ती डोळ्यांनी बघायला ड्रमवर गेज ग्लास नावाची काच असते. खाली गेली तर ट्यूबा कोरड्या पडून तापतात आणि फुटतात, वर गेली तर वाफेबरोबर पाणी टरबाइनमध्ये जाऊन पाती खराब होतात. कोजन असलेल्या, म्हणजे साखरेबरोबर वीजही करणाऱ्या कारखान्यात ६७ किंवा ८७ किलो प्रेशरचे बॉयलर सर्रास असतात, जाळायला भुसा, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, तो कधी ओला कधी कोरडा, त्यात मिल अडली की वाफेची मागणी धाडकन पडते अन् मिल सुरू झाली की परत वर, म्हणजे लोड कधी स्थिर म्हणून नसतोच. ही पातळी सांभाळायला सिस्टिम तीन गोष्टी एकदम बघते, ड्रममध्ये पाणी किती, वाफ किती चाललीय आणि फीड वॉटर किती येतंय, आणि त्या हिशोबाने व्हॉल्व्ह दर क्षणाला थोडा थोडा हलत असतो. फीड पंप थांबला आणि ट्रिपही लागली नाही, म्हणजे बॉयलर आपोआप बंद झाला नाही, तर हातात मोजकी मिनिटं असतात. या लूपमध्ये कुणी बाहेरचा येऊन सॉफ्टवेअर बदलूया म्हणाला तर ज्याच्या शिफ्टला ते होणार तो माणूस घाबरणारच, आणि त्याने घाबरावं असंच मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हॅच नावाचं अणुवीज केंद्र आहे. ७ मार्च २००८ ला तिथे एका इंजिनिअरने ऑफिसच्या नेटवर्कवरच्या एका कॉम्प्युटरवर अपडेट टाकला. तो कॉम्प्युटर प्लांट चालवत नव्हता, कंट्रोल सिस्टिममधला केमिकल आणि डायग्नॉस्टिक डेटा नुसता बघायला ठेवलेला होता. पण अपडेटचं कामच होतं दोन्हीकडचा डेटा जुळवून घेणं, त्यामुळे रीबूट झाल्यावर कंट्रोल सिस्टिमकडचा डेटाही रीसेट झाला, सेफ्टी सिस्टिमने त्याचा अर्थ असा लावला की रिॲक्टर गार ठेवणाऱ्या पाण्याची पातळी पडली, आणि दोन नंबरचं युनिट आपोआप बंद झालं. ४८ तास. पाणी जागच्या जागी होतं. सेफ्टीने तिचं काम चोख केलं, कुणाला इजा झाली नाही, पण अपडेट टाकणाऱ्याला आपला कॉम्प्युटर कुठपर्यंत पोचतो हे माहीत नव्हतं. ड्रम लेव्हलचा ट्रान्समीटर, म्हणजे पातळी मोजून कळवणारं यंत्र, आणि त्याची ट्रिप रोज बघणाऱ्या कुणालाही ही गोष्ट सांगितली की लगेच कळते, जास्त समजवावं लागत नाही.

आमच्याकडे भर हंगामात असे ४८ तास गेले तर काय होतं ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या अन् बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो, शेतकऱ्याच्या खिशाला बसतं ते वेगळंच आणि तोडणी टोळ्या थांबून राहतात. म्हणून हंगामात मी स्वतः कुणाला फर्मवेअरला हात लावू देत नाही, अगदी गळ्याशी आलेली गोष्ट असली तरच आणि तीही शटडाऊन घेऊनच.

पण हंगामात हात लावायचा नाही हे ठीक, कधीच लावायचा नाही हे मात्र मला मान्य नाही, आणि इथे माझे त्या अनुभवी माणसांशी वाद होतात, चहा पीत, पण होतात. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भगदाडाचा पॅच काढला. जवळपास दोन महिन्यांनी, १२ मे ला, त्याच भगदाडातून वॉनाक्राय नावाचं मालवेअर शिरलं. ब्रिटनमधली हॉस्पिटलं अडली हे बातम्यांत आलं, पण कारखानेही थांबले, रेनॉचे फ्रान्समधले, निसानचा ब्रिटनमधल्या संडरलंडचा. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला होता, तरी मायक्रोसॉफ्टला त्यासाठी नंतर घाईघाईत पॅच सोडावा लागला, एवढी जुनी मशीन जगभर चालू होती. मार्च ते मे हा आमच्याकडचा हिशोब बघा, मार्चमध्ये शेवटचं गाळप, मग मिल धुणं, मग हिशोब, पॅच बघायला कुणाला वेळ असतो? दोन महिने प्लांटच्या भाषेत काहीच नसतात. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला तो १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे नेमका बॉयलर पेटवायच्या तयारीचा महिना. एलटीएससी प्रकारच्या विंडोजला जास्त वर्षं मिळतात, नवीन स्क्रीन घेताना तेच मागा असं मी सांगते, पण जुन्या स्क्रीनवर काय आहे ते आधी कुणी बघितलेलं तरी पाहिजे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, आमचं नेटला जोडलेलंच नाही. मग मी केबल धरून चालायला लागते. वजनकाट्याचा कॉम्प्युटर ऑफिसला जोडलेला, कारण शेतकऱ्याची पावती आणि बिल तिथून निघतं, आणि काट्याचाच एक धागा कुठेतरी केन यार्डच्या स्क्रीनला गेलेला असतो. चिमणीच्या धुराचा आणि सांडपाण्याचा डेटा प्रदूषण मंडळाच्या सर्व्हरला ऑनलाइन जातो, केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये ज्या १७ प्रकारच्या उद्योगांना ते लावायला सांगितलं त्यात साखर आणि डिस्टिलरी दोन्ही आहेत. टरबाइनवाल्यांना लांबून बघता यावं म्हणून एक मॉडेम, तो काम संपल्यावर कुणी काढलेला नसतो. आणि पेनड्राइव्ह तर आहेतच, रिपोर्ट न्यायला, ट्रेंड कॉपी करायला. हे सगळं बंद करा असं मी म्हणत नाही, यातलं बरंच गरजेचं आहे. पण आपण जोडलेले आहोत हे कागदावर काढलेलं असलं की मग ठरवता येतं, मध्ये फायरवॉल कुठे टाकायचा, फाइल शेअरिंगचा ४४५ नंबरचा पोर्ट कुठे बंद करायचा, कुठल्या स्क्रीनला फक्त ठरलेलीच सॉफ्टवेअर चालू द्यायची. पॅच या वर्षी घेता येत नसेल तर निदान एवढं तरी करता येतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जुन्या मशीनसाठी एवढंच करता येतं.

आता ज्या कामाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. अपडेट टाकायच्या आधीचं काम.

पीएलसीमध्ये चालू असलेला प्रोग्रॅम आणि ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये ठेवलेला प्रोग्रॅम एकच असेल असं कुणीही धरून चालू नये. एका कारखान्यात केन कॅरिअरच्या पीएलसीचं फर्मवेअर बदलायचं ठरलं होतं. बऱ्याच पीएलसीत फर्मवेअर घातलं की आतली मेमरी पुसली जाते, मग प्रोग्रॅम परत लॅपटॉपमधून टाकावा लागतो. बाहेरून आलेल्या एजन्सीकडे बॅकअप तयार होता, प्लांट सुरू करून दिला तेव्हाचा. आम्ही म्हटलं, थांबा, आधी चालू प्रोग्रॅम वर ओढून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून कम्पेअर करा. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण असतं, वेळही फार लागत नाही. स्क्रीनवर फरकाच्या ओळी यायला लागल्या त्या येतच राहिल्या.

त्यात एक टायमर होता. मूळ ५ सेकंदांचा, आता ८ चा. नाइट शिफ्टच्या इलेक्ट्रिकल फोरमनमामांना विचारलं तर ते म्हणाले, अवकाळी पाऊस झाला की ओला ऊस चिखलासकट येतो, कॅरिअरची मोटर थोडा वेळ जास्त करंट घेते आणि ट्रिप होते, म्हणून तीन सेकंद वाढवले, तेव्हापासून त्रास नाही. किती शहाणपणाचा बदल आहे बघा. जुना बॅकअप टाकला असता तर हा शहाणपणा पुसला गेला असता आणि पुढच्या हंगामात पहिल्या पावसाला कॅरिअर परत थांबत बसला असता, आणि सगळ्यांनी अपडेटला शिव्या घातल्या असत्या.

त्याच्या खाली चार ओळींवर दुसरा फरक होता. कॅरिअरच्या बाजूने जी दोरी असते, कुणी अडकलं तर ओढायची आणि पट्टा थांबवायचा, त्या दोरीच्या एका स्विचचा सिग्नल प्रोग्रॅममध्ये बायपास केलेला. जानेवारीत रात्री केबल तुटली, स्विच सारखा ट्रिप दाखवायला लागला, यार्डात गाड्या थांबल्या, कुणीतरी तात्पुरता बायपास मारला, आणि सकाळची शिफ्ट बदलली, केबल राहिली ती राहिलीच. उरलेला हंगाम त्या बाजूला काम करणारी पोरं ती दोरी आहे या भरवशावर उभी होती. फोरमनमामांनी स्वतःच सांगितलं सगळं, लपवलं नाही, आणि कुणी त्यांच्यावर ओरडलंही नाही, त्याच दिवशी नवीन केबल ओढली, बायपास काढला, दोरी ओढून मोटर थांबते का ते तीनदा बघितलं.

म्हणून मी आता असं सांगते की यंदा अपडेट घ्यायचा नाही असं ठरलं तरी चालेल, पण हे कम्पेअर प्रत्येक ऑफ सीझनला झालंच पाहिजे. जे चांगले बदल आहेत ते नाव-तारखेसकट लिहून बॅकअपमध्ये घ्यायचे, जे धोक्याचे आहेत ते काढायचे.

आणि कम्पेअर करतानाही एक गोष्ट निसटते, तिच्याकडे मुद्दाम बघावं लागतं. प्रोग्रॅम सारखा दिसला तरी आतले आकडे सारखे असतीलच असं नाही. ड्रम लेव्हलच्या लूपचे गेन, म्हणजे व्हॉल्व्ह किती जोरात हलावा ते ठरवणारे आकडे, हंगामात कुणीतरी स्क्रीनवरूनच हळूहळू जुळवत आणलेले असतात, आणि लॅपटॉपच्या फाइलमध्ये अजून सुरुवातीचेच आकडे पडलेले असतात. फाइल टाकली की चालू आकड्यांवर ते जुने आकडे बसतात. लूप चालतो, अलार्मही येत नाही, पण व्हॉल्व्ह उगीच जोरात उघडझाप करायला लागतो आणि पहिल्यांदा मिल अडली की पातळी गोते खाते. म्हणून अपडेटच्या आधी प्रत्येक महत्त्वाच्या लूपच्या पानाचा फोटो काढायचा, हो, मोबाईलने सरळ फोटो, आणि त्याची प्रिंट फाइलला लावायची.

बॅकअप घेतल्यावर तो परत चढवून बघितलेला पाहिजे. टेबलावर एक स्पेअर सीपीयू, त्यात प्रोग्रॅम टाकायचा, चालतो का बघायचा. स्क्रीनच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क क्लोन करायची आणि ती क्लोन घालून मशीन खरंच उठतं का ते बघायचं, कारण काही सॉफ्टवेअरचं लायसन त्या जुन्या डिस्कलाच बांधलेलं असतं, क्लोनवर ते मागायला लागतं, आणि रात्री दोन वाजता हे कळून उपयोग नसतो. स्पेअर सीपीयूला पैसे लागतात, मान्य, पण जो कारखाना रोलर स्पेअर ठेवतो त्याला हे परवडत नाही असं मला कुणी पटवून देऊ नये.

पॅच कुठला घ्यायचा हे आपण एकट्याने ठरवायचं नसतं. कंट्रोल सिस्टिम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या विंडोजचा कुठला पॅच त्यांच्या सॉफ्टवेअरबरोबर तपासलाय याची यादी काढतात, आयईसी ६२४४३ या कंट्रोल सिस्टिमच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये पॅचिंगसाठी एक आख्खा भागच आहे, २०१५ चा, त्यातही सिस्टिम पुरवणाऱ्याने काय सांगायचं आणि वापरणाऱ्याने काय बघायचं हे मांडलंय. हे न बघता पॅच टाकला की काय होतं ते डीकॉमच्या वेळी दिसलं. जुन्या ओपीसीवर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिस्टिमना एकमेकांशी आकडे बोलता यावेत म्हणून केलेल्या पद्धतीवर) चालणाऱ्या सिस्टिममध्ये एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे आकडे जातात ते विंडोजच्या डीकॉममधून. मायक्रोसॉफ्टने ते कडक करायचं ठरवलं आणि सांगूनसवरून तीन टप्प्यांत केलं. जून २०२१ मध्ये बदल आला पण आपण चालू करेपर्यंत बंद, जून २०२२ मध्ये आपोआप चालू पण बंद करायची सोय, आणि १४ मार्च २०२३ पासून बंद करायची सोयही गेली. ज्यांनी पहिल्या टप्प्यात टेस्ट केलं त्यांना जवळपास दोन वर्षं मिळाली. ज्यांनी महिन्याचा पॅच आला म्हणून नुसता टाकला त्यांच्यापैकी अनेकांच्या स्क्रीनवर आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, खाली प्लांट व्यवस्थित चालू आणि वर ऑपरेटर आंधळा. पॅच चांगलाच होता, सुरक्षेसाठी गरजेचा होता. त्याला हवी होती फक्त एक टेस्टची मशीन आणि वेळेवर वाचलेली एक सूचना.

अपडेट कुठून आला हेही बघायला लागतं. २७ जून २०१७ ला जे नॉटपेट्या नावाचं मालवेअर पसरलं ते युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच आत आलं होतं, लोकांनी काही चुकीचं डाउनलोड केलं नव्हतं. त्याची झळ आपल्या न्हावा शेवापर्यंत आली, मर्स्कच्या ग्रुपचं टर्मिनल तिथे अडलं. म्हणून फर्मवेअर कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचं, सोबत दिलेला हॅश (फाइल मूळचीच आहे का हे तपासायचा कोड) जुळवायचा, आणि तरीसुद्धा आधी एका मशीनवर, काही दिवस बघून मग बाकीच्यांवर. कुणाच्या व्हॉट्सॲपवर आलेली फर्मवेअरची फाइल मी घेत नाही, पाठवणारा कितीही ओळखीचा असो.

आमच्या भागातली अजून एक अडचण पुस्तकात मिळत नाही. ऑफ सीझन हा अपडेटसाठी उत्तम काळ, पण तो आमचा पावसाळाही असतो. हंगामात कारखाना स्वतःची वीज स्वतः करतो, टरबाइन बंद झाल्यावर सगळं बाहेरच्या लाइनवर येतं, आणि जून-जुलैत एकदा का खानापूरकडून पाऊस उतरला की लाइन कधी जाईल सांगता येत नाही. फर्मवेअर अर्धं चढलेलं असताना वीज गेली तर सीपीयू कायमचा जाऊ शकतो. त्यामुळे त्या दिवशी पॅनलची यूपीएस आधी लोड देऊन तपासायची, लॅपटॉप चार्ज असला तरी चार्जरही यूपीएसवर, आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस असेल तर सरळ दुसरा दिवस. जमलं तर मे संपायच्या आत उरकून घ्यावं.

आणि किल्ली. बऱ्याच पीएलसीच्या सीपीयूवर रन आणि प्रोग्रॅम असा किल्लीचा स्विच असतो. २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये ट्रायटन नावाचं मालवेअर थेट सेफ्टी कंट्रोलरमध्ये शिरलं, ते शिरू शकलं याचं एक कारण म्हणजे किल्ली प्रोग्रॅमवर राहिलेली होती. सेफ्टी कंट्रोलर म्हणजे शेवटची भिंत, बाकी सगळं चुकलं तरी प्लांट सुरक्षित बंद करणारी. मी पॅनल उघडलं की आधी किल्ल्या बघते, लावून ठेवलेली किल्ली दिसली की ती रनवर फिरवायला लावून शिफ्ट इंचार्जच्या कपाटात ठेवायला सांगते, आणि वहीत नोंद करून घेते कुणी कधी नेली.

फाउंड्री आणि मशीन शॉपचं एवढं मोठं नसतं, पण तिथे ऑफ सीझनच नसतो, सुट्टीचा एखादा दिवस असतो. तिथल्या पोरांना मी एकच गोष्ट परत परत सांगते, जुन्या सीएनसीच्या मेमरीची बॅटरी बदलताना मशीनची पॉवर चालू ठेवायची. पॉवर बंद करून बॅटरी काढली की पॅरामीटर उडतात आणि मशीन खोका होऊन बसतं. अपडेटला घाबरणारी मंडळी बॅटरीला घाबरत नाहीत, आणि बॅकअप दोन्हीला तेवढाच लागतो.

खरी कसोटी जिथे सुट्टीच नाही तिथे. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलहून पाणी येतं, असल्या पंपिंगच्या कामाला ना हंगाम ना ऑफ सीझन, बारा महिने चोवीस तास. तिथे अर्ध्यावर काम करावं लागतं, स्टँडबाय पंपाच्या कंट्रोलरला आधी अपडेट, तो काही दिवस चालवायचा, मग दुसऱ्याला. दोन सीपीयू जोडीने चालणारी सिस्टिम असेल तर मॅन्युअल नीट वाचायचं, कारण काहींमध्ये दोघांचं फर्मवेअर वेगळं झालं की जोडी तुटते आणि आपण ज्याच्या भरवशावर आहोत तो स्टँडबाय नुसता दिवा लावून बसलेला असतो.

अपडेट झाल्यावरचं काम परत बॉयलरपाशी येतं. स्टीलच्या भांड्यासाठी आपल्याकडे १९२३ पासून कायदा आहे, दरवर्षी इन्स्पेक्टर येतात, हायड्रॉलिक टेस्ट होते, सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय कुणी बॉयलर पेटवत नाही. त्याच भांड्यातलं पाणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमलाही तेवढ्याच काटेकोरपणे बघावं असं माझं म्हणणं आहे. बॉयलर थंड असतानाच ड्रममध्ये पाणी भरायचं, मग ब्लोडाउनने, म्हणजे खालचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडून, खरोखर खाली आणायचं आणि ट्रिप ठरलेल्या आकड्याला लागते का बघायचं. स्क्रीनवर खोटा आकडा टाकून केलेली टेस्ट मी धरत नाही, त्यात ट्रान्समीटर, केबल, कार्ड यातलं काहीच तपासलं जात नाही. कॅरिअरच्या दोऱ्या एकेक करून ओढायच्या. आणि हे सगळं त्याच लोकांकडून करून घ्यायचं जे हंगामात शिफ्टला असणार, आमच्याकडून नाही.

पहिले काही दिवस कंट्रोल रूममध्ये एक कागद लावतो, मराठी आणि कन्नड दोन्हीत, मोठ्या अक्षरात. काय बदललं, कुठला आकडा वेगळा दिसू शकतो, स्क्रीन अडकली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. त्यात एक वाक्य चीफ इंजिनिअरच्या सहीने असतं, शंका आली तर ऑपरेटरने कुणाला न विचारता बॉयलर बंद करावा, त्याबद्दल त्याला कुणी काही बोलणार नाही. ही सही मिळवायला कधी कधी अपडेटपेक्षा जास्त वेळ जातो, कारण बंद झालेल्या बॉयलरचा हिशोब वरती कुणाला तरी द्यावा लागतो. सही मिळेपर्यंत मी अपडेट टाकत नाही.

हुक्केरीकडच्या एका कारखान्यात तो कागद लावत होतो तेव्हा तिथले जुने बॉयलर अटेंडंट अण्णा शेजारी येऊन उभे राहिले, वाचून झाल्यावर म्हणाले, "यात एक राहिलंय बघा. स्क्रीनवरचा आकडा पटला नाही तर आधी वर जाऊन गेज ग्लास बघायची. तिला अपडेट लागत नाही." तिथल्या तिथे पेनाने लिहून घेतलं, आणि आता कुठल्याही कारखान्यात तो कागद करताना ती सूचना मी एक नंबरवर घालते.